७६ ईमेल, ३ उत्तरं

प्रश्न : मी मटेरियल्स इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करते आहे. प्रबंध ५ महिन्यांत सादर होईल. लेझरने पावडर वितळवून थ्रीडी प्रिंट केलेल्या टायटॅनियमच्या भागांत बारीक छिद्रं राहतात. त्यांच्यामुळे हे भाग फटीगने, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून, लवकर का तुटतात, हा माझा विषय. २ पेपर प्रसिद्ध झालेत, तिसरा रिव्ह्यूमध्ये अडकलाय. गेल्या ६ महिन्यांत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, ७६ प्राध्यापकांना ईमेल पाठवले. ३ उत्तरं आली आणि तिन्हींत एकच गोष्ट : 'सध्या निधी नाही.' गाइड म्हणतात, काम चांगलं असेल तर जागा आपोआप मिळते. माझ्या विद्यापीठाला फारसं नाव नाही, म्हणून हे होतंय का? एक एजन्सी ठरावीक रक्कम घेऊन पोस्टडॉक मिळवून देते म्हणते, ते करावं का? आणि आता नवाच पेच : जाहिरात बघून सहज केलेल्या एका अर्जावर ऑफर आली आहे. त्यांना ८ दिवसांत उत्तर हवंय, पण त्या लॅबमधून पोस्टडॉक लवकर निघून जातात असं कानावर आलंय. काय करू? मी पाठवते तो ईमेल, सीव्ही आणि पेपर सोबत जोडले आहेत.

उत्तर :

एजन्सीचं आधी उरकून घेऊ. दमडीही देऊ नका. पोस्टडॉक ही नोकरी आहे, आणि कोणाला घ्यायचं हे ज्या प्राध्यापकाच्या हातात असतं तो एजंटांशी बोलत नाही. एजन्सी फार तर तुमचा हाच ईमेल आणखी ५०० जणांना पाठवेल. खरं दुखणं त्या ईमेलमध्येच आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

तुमच्या इंग्रजी ईमेलचा मराठीत मथितार्थ असा : 'आदरणीय सर/मॅडम, आपल्या जगप्रसिद्ध संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झाले आहे. मी मेहनती व प्रामाणिक असून कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे. माझा सीव्ही सोबत जोडला आहे. आपल्याकडे पोस्टडॉकची जागा असल्यास कृपया कळवावे.'

आता घटकाभर माझ्या खुर्चीत येऊन बसा. मी स्वतः दोन ठिकाणी पोस्टडॉक केलं आणि आता पोस्टडॉक निवडायचं काम माझ्याकडे आहे. असे ईमेल सतत येतात. 'सर/मॅडम' वाचलं की कळतं, मी बाई की पुरुष हे बघायलाही हिला सवड झाली नाही. 'जगप्रसिद्ध' वाचलं की कळतं, माझा एकही पेपर उघडलेला नाही. उघडला असता तर हा शब्द सुचलाच नसता. 'कोणत्याही विषयावर' हा तुम्हाला नम्रपणा वाटतो, मला मात्र त्यात 'माझा असा विषयच नाही' असं ऐकू येतं. तुमच्या बाबतीत हा शुद्ध अन्याय आहे, कारण तुमचे दोन्ही पेपर मी वाचले आणि काम चोख आहे. पण ईमेलमध्ये त्या कामाचा मागमूस नाही. ते आहे सीव्हीच्या चौथ्या पानावर. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि शाळेतल्या बक्षिसांच्या खाली. चौथ्या पानापर्यंत कोणी पोचत नाही हो.

मी असते तर काय लिहिलं असतं? विषयाच्या ओळीत 'पोस्टडॉकसाठी अर्ज' असं नाही, तर 'एचआयपीनंतरही उरणारी छिद्रं : तुमच्या फटीगच्या पेपरबद्दल'. (एचआयपी म्हणजे हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग : उष्णता आणि वायूचा दाब देऊन धातूतली छिद्रं मिटवणं. खाली येणारी टोमोग्राफी म्हणजे वस्तू न कापता तिच्या आतलं दाखवणारा थ्रीडी स्कॅन.) आणि मग खाली :

'डॉ. अमुक, तुमच्या गटाच्या ताज्या पेपरमध्ये हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग केलेल्या नमुन्यांपैकी दोन बाकीच्यांपेक्षा फारच लवकर तुटलेले दिसतात. माझ्याकडेही असंच झालं. एक्स-रे टोमोग्राफी केल्यावर दिसलं, की ती छिद्रं पृष्ठभागाला उघडी होती. दाबाचा वायू अशा छिद्रांच्या आतही शिरतो, त्यामुळे ती मिटतच नाहीत. प्रेसिंगआधीच्या स्कॅनवरून अशी छिद्रं वेगळी काढायची पद्धत मी माझ्या दुसऱ्या पेपरमध्ये दिली आहे. तुम्ही करता त्या जाळीदार रचनांमध्ये जवळजवळ सगळा धातू पृष्ठभागालगतच असतो. तिथे ही पद्धत टिकेल का, हे तुमच्याबरोबर शोधायला मला आवडेल. माझा प्रबंध ५ महिन्यांत सादर होतो आहे. तुमच्याकडे जागा निघणार असेल तर मला विचारात घ्यावं. नसेल तर तुमच्याबरोबर फेलोशिपचा अर्ज करायचीही माझी तयारी आहे. दोन पानी सीव्ही आणि तो पेपर जोडला आहे.'

एवढंच. यातलं जवळपास एकही वाक्य उचलून दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही, आणि नेमकं म्हणूनच वाचणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटतं. त्या दोन नमुन्यांचं कोडं त्याच्याही डोक्यात असतंच. पेपरमध्ये त्यांना 'अपवाद' म्हणून बाजूला सारताना त्याला थोडं चुकचुकलेलंही असतं. असा एक ईमेल तयार करायला दोन दिवस जातात. त्यामुळे ७६ होणार नाहीत, १२ होतील. १०-१२ दिवसांत उत्तर आलं नाही तर दोन ओळींची एकच आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा. रागवू नका. माझ्याकडूनही चांगले ईमेल अनुत्तरित राहिलेत, निव्वळ ग्रँटच्या डेडलाइनच्या आठवड्यात आले म्हणून.

पण समजा, ७६ जणांना तुम्ही असाच नेटका ईमेल लिहिला असता, तरी त्यातल्या पुष्कळांनी 'निधी नाही' असंच कळवलं असतं. ही वाटेला लावायची भाषा नाही, बहुतेक वेळा ते खरंच असतं. पोस्टडॉकचा पगार सहसा विभागाच्या तिजोरीतून निघत नाही, एखाद्या ठरावीक प्रकल्पाच्या ग्रँटमधून निघतो. ग्रँटच्या अर्जातच लिहिलेलं असतं : एक पोस्टडॉक, २ वर्षं. ग्रँट मंजूर झाली की घड्याळ चालू होतं आणि पीआयला, म्हणजे त्या प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाला, माणूस हवा असतो तो लगेच. तो आधी डोक्यातली नावं चाचपतो, मग ओळखीपाळखीच्यांना विचारतो, आणि त्यानंतर जाहिरात काढतो. ती काढायची पुष्कळदा नियम आहे म्हणून. तेव्हा तुमच्या नजरेला जाहिरात पडते तोवर निम्मा खेळ होऊन गेलेला असतो. शिरायचं असतं ते ग्रँट मंजूर होणं आणि जाहिरात येणं यांमधल्या काही आठवड्यांच्या फटीत. 'आपोआप मिळते' म्हणणाऱ्या तुमच्या गाइडना बहुधा कोणीतरी अशा फटीतूनच आत ओढून घेतलं असेल. ओढणारा हात त्यांना दिसला नाही, इतकंच.

ही फट बाहेरून चक्क दिसते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने दिलेल्या ग्रँट 'अवॉर्ड सर्च'मध्ये सापडतात, आरोग्य आणि जीवशास्त्राच्या, म्हणजे एनआयएच या तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेच्या, 'एनआयएच रिपोर्टर'वर. युरोपियन युनियनचे प्रकल्प 'कॉर्डिस'वर, ब्रिटनचे 'गेटवे टू रिसर्च'वर, जर्मनीच्या डीएफजी या निधी देणाऱ्या संस्थेचे 'गेप्रिस'वर. शोधायला पैसे पडत नाहीत. एक संध्याकाळ काढा आणि तुमच्या पेपरचे कीवर्ड्स तिथे टाका : पावडर बेड फ्यूजन, पोरॉसिटी, फटीग. मग नाव आणि विद्यापीठ बघायच्या आधी तारखा बघा. सुरुवात २ महिन्यांपूर्वी आणि मुदत ४ वर्षं, म्हणजे हा माणूस आत्ता माणसं शोधतोय. संपण्याची तारीख ६ महिन्यांवर, म्हणजे तो आहे त्या पोस्टडॉकला कुठे चिकटवायचं या विवंचनेत आहे. तुम्हाला 'निधी नाही' हेच उत्तर येणार. मग सारांश वाचा. पीआयला पुढची काही वर्षं काय करायचंय हे त्यात त्याच्याच शब्दांत असतं, आणि तुम्ही वाचताय ते पेपर म्हणजे त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं काम. ईमेल त्याच्या उद्याच्या कामाबद्दल लिहिता आला तर सोन्याहून पिवळं.

तुमच्या ७६ जणांच्या यादीपुढे या तारखा लिहून बघा. तुम्ही ती यादी पेपरच्या सायटेशन्सवरून आणि नावाजलेल्या विद्यापीठांवरून केली असणार, असा माझा होरा आहे. म्हणजे जिथे सगळे जातात तिथेच तुम्हीही गेलात.

याच्या उलट टोकाला आहेत नुकतीच स्वतःची लॅब उघडलेले लोक. युरोपियन रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट ५ वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत असते, आणि ती कोणाकोणाला मिळाली याची यादी कौन्सिल दरवर्षी जाहीर करते. यातल्या पुष्कळांच्या लॅबमध्ये त्या दिवशी एक टेबल, दोन खुर्च्या आणि न उघडलेली खोकी असतात. त्यांना पहिला पोस्टडॉक हवा असतो आणि नावाजलेल्या लॅबची रांग त्यांच्या दारात नसते. जोखीम आहेच : उपकरणं लावण्यात तुमचं वर्ष जाऊ शकतं, आणि माणसं सांभाळायचा अनुभव त्या बिचाऱ्यांनाही नसतो. पण लॅब शून्यातून उभी कशी करतात हे तिथे शिकायला मिळतं, आणि ते दुसरीकडे कुठेच शिकवत नाहीत. अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक : २०२५ मध्ये तिथे मंजूर झालेल्या ग्रँटही मध्येच रद्द झाल्या. तेव्हा तिथल्या पीआयला 'ग्रँट मिळाली का' एवढंच विचारून थांबू नका, 'माझ्या पगाराचे पैसे कुठल्या ग्रँटमधून आणि कधीपर्यंत' असं सरळ विचारा. हा प्रश्न उद्धट नाही.

दुसरी वाट म्हणजे पैसे आपले आपण घेऊन जायचे, अर्थात फेलोशिप. इथे लोक पहिली चूक करतात ती ही, की फेलोशिपची डेडलाइन जवळ आली की होस्ट, म्हणजे आपल्या लॅबमध्ये घेणारा प्राध्यापक, शोधायला लागतात. होस्ट आधी. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या अर्जांची मुदत साधारणपणे सप्टेंबरात संपते. चांगले होस्ट वसंत ऋतूतच उमेदवार ठरवून टाकतात, कारण मुख्य प्रस्ताव १० पानांचा असतो आणि तो दोघांनी मिळून घासायचा असतो. चुरस जबर आहे : २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले आणि साधारण सहातल्या एकाला फेलोशिप मिळाली, २०२५ मध्ये अर्जच १७,०५८ झाले. ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळूनही पैसे न मिळालेल्यांना 'सील ऑफ एक्सलन्स' देतात, आणि काही देश व विद्यापीठं त्या शिक्क्यावर स्वतःचा निधी देतात. उलट ठरावीक गुणांच्या खाली गेलात तर पुढच्या वर्षी त्याच होस्टबरोबर पुन्हा अर्ज करता येत नाही. तेव्हा 'बघू, टाकून तर ठेवू' असा अर्ज करू नका.

जर्मनीची हुंबोल्ट फेलोशिप मला व्यक्तिशः जास्त माणुसकीची वाटते. डेडलाइनच नाही, वर्षभरात केव्हाही अर्ज करा, निवड समिती ठरावीक काळाने बसते. पीएच.डी.नंतरच्या पहिल्या ४ वर्षांत पोस्टडॉक गटातून अर्ज करता येतो, मुदत ६ ते २४ महिने, आणि जर्मनीतल्या होस्टचं संमतिपत्र लागतं. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपच्या नेहमीच्या प्रकारात मुदत १२ ते २४ महिने, आणि अर्ज तुम्ही नव्हे, तिथला होस्ट आपल्या संस्थेमार्फत करतो. म्हणजे तिथे ईमेल हाच खरा अर्ज. जीवशास्त्रवाल्यांसाठी एम्बो आणि ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम या संस्थांच्या फेलोशिप आहेत. ह्यूमन फ्रंटिअरची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप खास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, इंजिनिअरिंग अशा बाहेरच्या विषयांतून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला हाडांच्या इम्प्लांटकडे वळायचं मनात असेल तर हे ध्यानात ठेवा.

अर्ज लिहायला घेण्याआधी नागरिकत्वाची अट वाचा, निदान दोनदा. अमेरिकेत एनआयएचची एफ-३२ फेलोशिप फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते, पण पुढच्या टप्प्यावरची के-९९ बाहेरच्यांनाही मिळू शकते. तिथल्या सरकारी प्रयोगशाळांसाठी एनआरसीची (नॅशनल रिसर्च कौन्सिलची) रिसर्च असोशिएटशिप आहे, वर्षात चार वेळा निवड होते. पण 'निस्ट' या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या जागा केवळ अमेरिकन नागरिकांना, आणि इतर काही प्रयोगशाळांत परदेशी माणूस चालतो. माझ्या ओळखीच्या एकाने तीन आठवडे खपून प्रस्ताव लिहिला आणि फॉर्म भरताना त्याला ही अट दिसली.

आता तुमच्याबद्दल एक गोष्ट, जी तुम्ही सीव्हीत जाता जाता लिहिली आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. तुम्हाला टोमोग्राफी येते. नुसतं मशीन चालवणं नव्हे, स्कॅनमधून अर्थ काढणं येतं. तरीही तुमच्या यादीत ७६ च्या ७६ प्राध्यापकच! पोस्टडॉक फक्त प्राध्यापकच घेतात असं कोणी सांगितलं? ग्रनोबलचं ईएसआरएफ, ब्रिटनचं डायमंड, जपानचं स्प्रिंग-८, अमेरिकेत आरगॉनचं अॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स, ही अतिप्रखर एक्स-रे देणारी सिंक्रोट्रॉन केंद्रं तुमच्यासारख्यांच्या शोधात असतात. लेझरखाली धातू वितळताना कीहोल, म्हणजे वितळलेल्या धातूत पडणारा खोल खड्डा, कसं तयार होतं आणि त्यातून छिद्र कसं मागे राहतं, याचं वेगवान एक्स-रे चित्रण आरगॉनलाच झालं. तो २०१९ चा पेपर तुमच्या संदर्भांत आहेच. अशा ठिकाणी पोस्टडॉकचा बराच वेळ बाहेरून येणाऱ्या संशोधकांना मदत करण्यात जातो, रात्री दोन वाजताही. पण वर्षभरात तुमच्या क्षेत्रातले निम्मेअधिक गट तुमच्या बीमलाइनवर, म्हणजे एक्स-रे झोतावरच्या प्रयोगाच्या जागी, येऊन जातात आणि तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. उद्योगाकडे कल असेल तर जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्था बघा. तुमची ही पावडर वितळवायची पद्धत १९९०च्या दशकात आखेनच्या फ्राउनहोफर आयएलटीमध्येच घडली.

पोर्टलांबद्दल फार लिहीत नाही. युरॅक्सेस, जॉब्स डॉट एसी डॉट यूके, नेचर करिअर्स यांवर अलर्ट लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बघा. इंजिनिअरिंगमध्ये जागा बारा महिने निघत असतात. (खगोलशास्त्र आणि गणितवाल्यांचं तसं नाही. त्यांचा हंगाम असतो : जाहिराती शरद ऋतूत, एकीकडे अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, दुसरीकडे मॅथजॉब्स, आणि निकाल वर्ष उलटल्यावर. खगोलशास्त्रात तर १५ फेब्रुवारीच्या आधी उमेदवारावर उत्तरासाठी दबाव आणायचा नाही असा संकेतच आहे. हा संकेत सगळ्याच विषयांत असता तर तुमचं ८ दिवसांच्या मुदतीचं रडगाणं उद्भवलंच नसतं.)

विद्यापीठाच्या नावाचं विचारलंत. खोटा दिलासा देत नाही : फरक पडतो. ओळखीचं नाव दिसलं की वाचणारा अर्धा मिनिट जास्त थांबतो. पण ते अर्धं मिनिट इतर मार्गांनीही मिळतं. एक, तिसरा पेपर रिव्ह्यूमध्ये आहे म्हणजे जगाच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. जर्नलची हरकत नसेल तर तो आजच अर्काइव्ह या खुल्या प्रीप्रिंट साइटवर टाका. दोन, शिफारसपत्रं. तुमच्या सीव्हीत तीन नावं आहेत, तिन्ही तुमच्याच विभागातली. त्यातलं एक बदला. ज्यांच्याकडे तुम्ही टोमोग्राफी करायला जाऊन राहिलात, त्या दुसऱ्या संस्थेतल्या संशोधकांना विचारा. आणि विचारताना 'पत्र द्याल का' असं नको, 'मनापासून चांगलं पत्र देऊ शकाल का' असं विचारा, म्हणजे ज्यांना नाही म्हणायचंय त्यांना वाट राहील. 'ही मुलगी आज्ञाधारक आहे आणि वेळेवर येते' असं पत्र मी वाचलंय. त्याने त्या मुलीचं किती नुकसान केलं हे लिहिणाऱ्याला कधीच कळलं नसेल.

तीन, तुमचे गाइड. त्यांच्यावर चिडू नका, कामाला लावा. 'सर, माझ्यासाठी काहीतरी बघा ना' यावर कोणीच काही करू शकत नाही. त्याऐवजी १२ नावांची यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातल्या कोणाला तुम्ही ओळखता? दोन-तीन निघतीलच, कोणाच्या पेपरचं परीक्षण केलेलं असेल, कोणाबरोबर कॉन्फरन्समध्ये एका सत्रात बोलले असतील. त्यांनी पाठवायच्या चार ओळी तुम्हीच लिहून द्या. गाइडच्या पत्त्यावरून गेलेला ईमेल उघडला जातो, बाकी सगळं तुमच्या कामावर.

आता ऑफर. इथे मला माझं सांगणं भाग आहे. माझा पहिला पोस्टडॉक मी असाच घाईत स्वीकारला. 'एका आठवड्यात कळवा' म्हणाले, मी तिसऱ्या दिवशी कळवलं. जाहिरातीत एका इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं वर्णन होतं, मी त्याच्यावरच भाळले होते. पोचल्यावर कळलं, मायक्रोस्कोप अजून टेंडरमध्ये आहे. वर्षभराचा करार होता, 'पुढे वाढेल' असं तोंडी आश्वासन. मायक्रोस्कोप अकराव्या महिन्यात आला आणि करार बाराव्यात संपला. दोष सगळा त्यांचा म्हणता येणार नाही; 'तो मायक्रोस्कोप आज चालू आहे का?' हा सहा शब्दांचा प्रश्न मीही विचारला नव्हता.

'लोक लवकर निघून जातात' याचे दोन अर्थ होऊ शकतात. दीड वर्षात प्राध्यापक होऊन गेले, तर त्याच्याइतकी चांगली लॅब नाही. आठव्या महिन्यात मिळेल ती नोकरी धरून गेले, तर पळा. कोणता अर्थ खरा हे ऐकीव गोष्टीवरून कळणार नाही, पेपरांवरून कळतं. त्या गटाचे गेल्या ६-७ वर्षांतले पेपर काढा आणि लेखकांची नावं लिहा. जी नावं एकदाच दिसतात, पहिल्या जागी कधीच नाहीत आणि मग गायब होतात, ती शोधा. त्यातल्या दोघा-तिघांना लिहा. ईमेलवर कोणी वाईट लिहून देत नाही, म्हणून १५ मिनिटं फोनवर बोलाल का असं विचारा. 'कसं होतं?' विचारू नका, 'छान होतं' असंच उत्तर येईल. विचारा : पहिला पेपर किती महिन्यांनी बाहेर गेला? त्यावर पहिलं नाव कोणाचं, हे कधी ठरलं? आजारी पडलात तेव्हा काय झालं? निघताना कोणतं काम सोबत नेता आलं? शेवटी, 'पुन्हा संधी मिळाली तर जाल का?' या प्रश्नानंतर किती वेळ शांतता राहते तेही ऐका.

पीआयला विचारायचे प्रश्न वेगळे. करार किती महिन्यांचा, वाढ कशावर अवलंबून. नोकरीचा पगार आहे की स्टायपेंड. आकडा सारखाच दिसला तरी स्टायपेंडमध्ये पेन्शन, विमा, बेकारी भत्ता यांतलं बरंचसं नसू शकतं. कायद्याची घड्याळंही असतात. जर्मनीत पीएच.डी.नंतर विद्यापीठात मुदतीच्या करारावर राहायला साधारण ६ वर्षांची मर्यादा आहे, आणि अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं. काहींना त्यानंतर २ वर्षं मायदेशी राहण्याची अटही लागू होते. ती तुम्हाला लागते का हे जायच्या आधी तपासा, नंतर नव्हे.

८ दिवसांचं म्हणाल तर मुदत मागणं अगदी रूढ आहे. आज रात्रीच लिहा : 'ऑफरबद्दल मनापासून आभार. निर्णय नीट घेता यावा म्हणून मला आणखी दोन आठवडे हवे आहेत. दरम्यान तुमच्या गटातल्या आत्ताच्या दोन सदस्यांशी आणि एका माजी पोस्टडॉकशी बोलायला मिळालं तर बरं होईल. तसंच कराराची मुदत आणि निधीचा स्रोत लेखी कळवावा.' चांगला पीआय दुसऱ्या दिवशी तीन नावं पाठवतो. दोन आठवडे देता येत नाहीत असं तो कारणासह म्हणाला, समजा ग्रँटच्या अटीमुळे, तर ते समजण्यासारखं आहे; पाच दिवस मागून घ्या. पण माजी पोस्टडॉकचं नाव देताना तो आढेवेढे घेऊ लागला तर तुम्हाला जे हवं होतं ते उत्तर मिळालंच.

एक गोष्ट तुम्ही कळवलेली नाही : ऑफर कुठल्या देशातली आहे? युरोपातली असेल तर सही करण्याआधी बोटं मोजा. मेरी क्युरीची अट अशी, की डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत होस्ट देशात तुमचं वास्तव्य १२ महिन्यांहून जास्त झालेलं नसावं. म्हणजे या लॅबमध्ये वर्षभराहून जास्त राहिलात, की त्या देशासाठी तो दरवाजा पुढची दोन-तीन वर्षं बंद. शेजारच्या देशात मात्र चालेल. तेव्हा ज्या १२ जणांना लिहाल त्यांत दुसऱ्या देशातले निदान चार तरी असू द्या, आणि ऑफर स्वीकारलीत तरी त्यांना ईमेल पाठवायचे थांबवू नका.